गुरुवारच्या पाण्याआधी

सूसा, ३ फेब्रुवारी १९८८

लाडक्या सासिया आत्या,

सलाम. आपली अम्बरा खजुरी पडली. बाबा तुला हे कळवणार नाहीत, त्यांच्या तोंडून अजून धड शब्द फुटत नाहीये, म्हणून मी लिहितेय.

सुट्टीत मी तोझरला घरी होते. दोन दिवस नुसता वारा. सकाळी बागेत गेले तर अम्बरा आडवी पडलेली, खाली डाळिंबाची झाडं चिरडलेली, आणि बाबा स्वतःच्या चपला हातात धरून उभे. हातात का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झाड म्हातारं झालं होतं गं, खोड आतून पोकळ झालं होतं. मला दिसत होतं, पण बाबांना सांगणार कोण?

मग शेजारी जमले. खजुरी पडली की तिचा गाभा खायचा, तसा तिजानीकाकांनी कुऱ्हाडीने तो काढला आणि सगळ्यांना वाटला. तुकडा चघळत बाबांना म्हणतात, "बशीर, तुझ्या बापाकडे मी या झाडाचं पिल्लू मागितलं तेव्हा त्याने मला दारातून हाकललं होतं. चला, आज गाभा तरी मिळाला." बाबांनी खाल्लं नाही. मी खाल्लं. गोड होता, आणि मला रडू येत होतं.

तर आत्या, मुद्दा असा. आजोबांनी अम्बराचं पिल्लू गावात कुणालाही दिलं नाही. फक्त तुला, लग्नात. म्हणजे आता अख्ख्या जगात अम्बरा एकच, तुझ्या दारातली. बी लावून ती परत मिळत नाही हे तुलाही माहीत आहे. बीतून काय निघेल याचा नेम नाही, अर्धी रोपं तर नरच निघतात. तेच झाड हवं तर बुडाला आलेलं पिल्लूच लागतं. तुझ्या झाडाला एखादं आहे का? असेल तर प्लीज दे. मी स्वतः लावीन, स्वतः वाढवीन. चार वर्षं फळबागांचं शिकतेय, एवढं तर येईलच मला.

हॉस्टेलच्या मुली म्हणतात, ही डिग्री घेऊन शेवटी हॉटेलातली हिरवळ कापायची, जर्मन पर्यटकांना लोळायला. म्हणू देत. मी तोझरला परत जाणार आहे.

तुझी,
रौधा


ऐन सिद्रा, २१ फेब्रुवारी १९८८

चि. रौधास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचा कुसकुस करपला. सख्ख्या भावाने मला कळवलं नाही. त्याला सांग, तुझी बहीण मेलेली नाही, फक्त लग्न होऊन सीमेपलीकडे आलीय.

पिल्लू आहे. एकच आहे, शेवटचं. यापुढे ती देईल असं वाटत नाही, तिचंही वय झालं आणि माझंही. वजनाला चांगलं बकरीएवढं आहे. माझा नाजी वसंतात ट्रक घेऊन तिकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते. सीमेवर कागद मागतात म्हणे. नाजीला कागद दाखवायची सवय नाही, तू काळजी करू नकोस.

चार वर्षं झाडं शिकतेस म्हणे. तुझे आजोबा झाडाला टेकून झोपायचे, तेवढ्यात शिकायचे. तुम्हाला वर्ग लागतो, पांढरा कोट लागतो. असो. शीक बाई. आमच्या वेळी मुलीला झाडाखाली बसून पाला निवडायला शिकवत, तू झाडाबद्दल तरी शिकतेस.

झाड बरं आहे. विहिरीकडची एक झावळी जरा पांढरी पडलीय, एकाच बाजूने, ओल्या पिसासारखी चिकटून. वय झालं, दुसरं काय. माझेही केस एकाच बाजूने पिकलेत.

बशीरला खड्डा खणायला सांग.

आत्या


सूसा, ६ मार्च १९८८

लाडकी आत्या,

तुझं पत्र आलं आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात नाचले. पोस्टात जाऊन बाबांना फोन केला. ते फक्त "बरं" म्हणाले. पण आई म्हणते, फोन ठेवल्या ठेवल्या फावडं घेऊन बागेत गेले. म्हणजे आनंद झालाय.

एक छोटंसं काम होतं. आमचं लॅबचं प्रोजेक्ट चालू आहे, खजुरीच्या पानांवर. तेवढ्यासाठी विचारतेय, बाकी काही नाही. ती पांढरी पडलेली झावळी आहे ना, तिच्या पात्या खालून टोकाकडे पांढऱ्या होत गेल्या, आणि मग दुसऱ्या बाजूने टोकाकडून खाली, असं झालं का? तिच्या शेजारची झावळी आता कशी आहे? मधल्या देठावर तपकिरी पट्टा दिसतो का? आणि तुमच्या आसपास आणखी कुणाच्या बागेत असं काही आहे का?

लगेच लिही. प्रोजेक्टची तारीख जवळ आलीय.

तुझी,
रौधा


ऐन सिद्रा, १८ मार्च १९८८

रौधा,

पत्र लिहिलंस की घरी पोलीस पाठवलास? पात्या खालून वर की वरून खाली, देठावर पट्टा की टिळा. मी काय झावळी मांडीवर घेऊन बसते? कापली आणि चुलीत घातली, संपलं.

तुमच्या त्या लॅबला म्हणावं, झाडाला तहान लागली की ते पांढरं पडतं. विहीर खोल गेलीय. कुणाची नजरही असेल. इथल्या बायका अम्बराकडे कशा बघतात ते मला माहीत आहे.

पिल्लू मी सोडवून घेतलंय. छान मुळं आहेत. ओल्या काथ्यात गुंडाळून सावलीत ठेवलंय. नाजीला म्हटलं, वसंत कशाला संपू देतोस, आत्ताच निघ. उशीर नको.

बाकी ठीक. शेजारी बूजेमाच्या बनात सगळी एक बाजू मोकळी झालीय, तिथे आता पोरं फुटबॉल खेळतात. दुपारी डोळा लागत नाही.

आत्या


सूसा, २७ मार्च १९८८

आत्या,

पिल्लू पाठवू नकोस.

फुटबॉलचं वाचलं आणि मी तशीच लिहायला बसले. खजुरीच्या बनात आपोआप मैदान होत नाही. प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं, मी खोटं बोलले, मला भीती वाटत होती. तू झावळीबद्दल जे लिहिलंस ना, ओलं पीस, एक बाजू, ते आमच्या पुस्तकात जवळजवळ याच शब्दांत आहे. बायूद, खजुरीला मारणारा बुरशीचा रोग. तुमच्याकडे तिला पांढरीच म्हणत असतील. मोरोक्कोतली बनंच्या बनं तिने खाल्ली, आणि तुमच्या बाजूला ती आलीय हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे अजून नाहीये. एकही झाड नाही.

पिल्लू वरून हिरवंगार दिसतं. त्याला स्वतःलाही माहीत नसतं की आत काय आहे. पण ते लावलं, त्याला पाणी दिलं, की ती मातीत उतरते, मुळांतून शेजारच्या झाडात जाते, पाटाच्या पाण्याबरोबर पुढच्या बागेत जाते. औषध नाही. जगात कुणाकडेच नाही. मी सरांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ते चिडले.

मला माहीत आहे, मीच मागितलं होतं. आता मीच नको म्हणतेय. तू हवं ते म्हण मला. पण नाजीदादाला थांबव. बाबांना मी समजावते.

रौधा


ऐन सिद्रा, ३ एप्रिल १९८८

चि. रौधास,

नाजी आज पहाटे निघाला. पिल्लू ट्रकमध्ये गाद्यांच्या खाली आहे, वर एका लग्नाचं सामान. सीमेवरच्या शिपायाला खायला म्हणून डबा दिलाय. बशीरला निरोप गेलाय.

मी त्याला निघताना हात लावला आणि म्हटलं, जा, आपल्या घरी जा. नाजी हसला. हसू दे.

तुझं प्रोजेक्ट झालं का?

आत्या


तोझर, ८ एप्रिल १९८८

आत्या,

नाजीदादा निघाला त्या दिवशी तू पत्र टाकलंस असं तो म्हणतो, ते कॉलेजवर आलं असेल, मी बघितलेलं नाही. माझं पत्र तुला मिळायच्या आतच नाजीदादा निघाला, हे आता कळलं. जे झालं ते तू माझ्याकडूनच ऐकावंस म्हणून लिहितेय. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल.

मंगळवारी आईचा हॉस्टेलवर फोन आला. "पिल्लू पोचलं, बाबांनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तू पण ये." मी विचारलं, लावलं का? आई म्हणाली, "अगं, आपली पाण्याची पाळी गुरुवारी. बाबा म्हणतात पाण्याशिवाय लावायचं नाही." मी दुपारचा पेपर अर्धवट सोडून मिळाली ती पहिली बस पकडली. मध्ये बस बिघडली, त्या ड्रायव्हरला मी जे बोलले ते तुला लिहीत नाही.

बुधवारी घरी पोचले. पिल्लू अंगणात एका टबात उभं होतं, पोत्यात गुंडाळलेलं. आत्या, ते सुंदर होतं. तू म्हणशील ही निर्दय आहे, म्हणून सांगते. इतकी ताजी पाती मी आमच्या कॉलेजच्या रोपवाटिकेतही पाहिली नाहीत. बाबा लोकांना बोलवायला बाहेर गेले होते. नाजीदादा गादीवर आडवा पडून चहा पीत होता. मी म्हटलं, "उठ, मला हा टब बागेच्या बाहेर न्यायचाय, खडकाळीकडे." तो म्हणाला, "तिकडे कशाला, तिकडे तर काटा पण उगवत नाही." म्हटलं, "म्हणूनच."

टब आम्ही खडकाळीत नेला. तेवढ्यात बाबा आले, मागे सगळी मंडळी. मी काय करणार ते माझ्या हातातल्या कुऱ्हाडीवरून त्यांना कळलं. मी टबाच्या काठावरच बसले.

"हे सासियाने पाठवलंय," बाबा म्हणाले.

"हो."

"माझ्या आजीचं झाड आहे हे."

"हो बाबा."

"बाजूला हो."

"नाही."

मी आयुष्यात बाबांना नाही म्हटलं नव्हतं. कॉलेजला जायच्या वेळीसुद्धा मी "बघा ना" म्हटलं होतं. लोक हसायला लागले. तिजानीकाका म्हणाले, "वा, सरकारने पोरींना तोडफोड शिकवायला कॉलेज काढलंय. बशीर, फी किती भरलीस?" मग मी पांढरीबद्दल सांगितलं, सगळं, झावळीपासून फुटबॉलपर्यंत. तुझ्या बागेतलं सांगताना बाबा माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "सासिया असं करणार नाही. माझी बहीण मला आजारी झाड देणार नाही."

मी म्हटलं, "तिजानीकाका, तुमची बाग पाटावर आमच्या खाली आहे ना? उद्या गुरुवार. हे बागेत लावलं तर आमच्या खड्ड्यातून निघालेलं पाणी सरळ तुमच्या दिग्लत नूर खजुरींच्या मुळाशी जाणार. तुम्ही घ्याल?"

हसणं थांबलं. तिजानीकाकांनी टोपी काढली, परत घातली. "बशीर," म्हणाले, "पोरगी वेडी असेल. पण ते झाड तू लावलंस तर मी तुझ्या बागेकडून येणारं पाणी घेणार नाही. पाट वरूनच बांधून घेईन." मग त्यांच्या खालच्या बागेवाले बोलले. मग त्यांच्याही खालचे.

बाबा निघून गेले. जेवण तसंच राहिलं.

आई इतका वेळ मागे उभी होती. ती घरात गेली, रॉकेलची बाटली आणून माझ्या पायाशी ठेवली आणि परत गेली.

ओलं खोड सहज जळत नाही. चिरावं लागतं, सुक्या झावळ्या रचाव्या लागतात, परत परत. दुपार गेली. पिल्लू, पोतं, दोर, काथ्या, सगळं. टब उकळत्या पाण्याने धुतला. नाजीदादाच्या बुटांची माती खरवडून तीही आगीत टाकली. तो म्हणाला, "एवढ्या लांबून शेकोटीसाठी आणलं होय मी. पुढच्या वेळी मलाही जाळ, परतीचं डिझेल वाचेल."

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मला वाईट वाटतंय, पण चुकलं असं वाटत नाही. उद्या परत आलं तर परत जाळीन.

रौधा


ऐन सिद्रा, २५ एप्रिल १९८८

रौधा,

रोजा आहे म्हणून तोंड आवरतेय. हात आवरत नाही.

तू मला शिकवतेस पांढरी काय असते? मी तिला माझ्या सासूच्या बागेत पाहिलंय, दिराच्या बागेत पाहिलंय. बूजेमा रोज सकाळी त्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि पोरांच्या खेळाला टाळ्या वाजवतो, कारण दुसरं काय करणार. मला गेल्या वर्षापासून माहीत होतं. पहिली झावळी मी कुणी बघायच्या आत कापली. दुसरीही कापली.

म्हणूनच पाठवलं. घराला आग लागली की माणूस लेकरू खिडकीतून बाहेर फेकतो. ते कुणाच्या अंगणात पडेल हे बघत बसत नाही. मला वाटलं, आत्ता काढलं तर वाचेल. पिल्लू हिरवं होतं. तू पण लिहिलंस, हिरवं होतं.

आणि तू काय केलंस? गावासमोर माझ्या भावाला सांगितलंस की तुझ्या बहिणीने विष पाठवलं. त्या तिजानीसमोर. त्याच्या बापाने अम्बराचे खजूर चोरले होते आमच्या लहानपणी, त्याला आज तू पाण्याचा मालक केलंस.

माझ्या आजीने मोरीत भांडी घासताना थुंकलेल्या बीचं ते झाड. हनियाआजीने थुंकलं, उगवलं, आणि बाप म्हणाला, असं फळ तोझरमध्ये दुसरं नाही, आणि त्याला भिंत घातली. तू चार पुस्तकं वाचून त्याची राख केलीस.

आता मला लिहू नकोस.

सासिया


तोझर, ३० जुलै १९८८

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय. पत्र फाडायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाच, मग फाड.

पास झाले. अर्धवट सोडलेला पेपर परत द्यावा लागला, तरी झाले. एका हॉटेलने बोलावलं होतं, समुद्रकाठी, हिरवळ आणि जास्वंदी सांभाळायला. साहेब म्हणाले, आमच्याकडे हिरवळ बारा महिने हिरवी लागते. मी म्हटलं, माझ्याकडे वाळवंट बारा महिने पिवळं असतं, तरी त्यात खजूर येतो, मी तिकडेच जाते. आता इथल्या सरकारी रोपवाटिकेत लागलेय. पगार सांगत नाही, तू हसशील. साहेब सोडून बाकी सगळे पुरुष मला "डॉक्टरीणबाई" म्हणतात, टिंगल म्हणून. मी ओ देते.

बाबा अजून आईमार्फतच बोलतात. काल समोर बसून म्हणाले, "तिला सांग हरिसा इकडे दे." मी दिला. आईला म्हटलं, "त्यांना सांग, तिखट जपून."

आता ऐक. तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं. शिव्या सोडून देते, त्या मला पाठ झाल्यात. पण तू लिहिलंस की अम्बरा मोरीत थुंकलेल्या बीतून आली. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं ती कुठून तरी कुणी आणली असेल, राजवाड्यातून वगैरे. आत्या, ती कुणाचंच पिल्लू नव्हती. ती एक बी होती, नशीब काढलेली.

तुझ्या झाडाला या वर्षी घड धरलाय का? धरला असेल तर त्याच्या बिया मला दे. पांढरी बीतून येत नाही, हे आमच्या सरांनी मला तीन वेळा सांगितलंय, तिसऱ्यांदा न चिडता. तरी गर काढून स्वच्छ धू आणि वाळव. आणि झावळीच्या टोपलीत घालू नकोस, तुझ्या झाडाची विणलेली टोपली म्हणजे परत तेच. पत्र्याच्या डब्यात घाल. परवानगीचा कागद मी रोपवाटिकेतून काढलाय, सोबत आहे. नाजीदादाला सांग, या वेळी कागद दाखवायचा, सवय नसली तरी.

खोटं आश्वासन देत नाही. अम्बरा परत येणार नाही. अर्धी रोपं नर निघतील, उरलेल्यांतली बरीच शेळ्यांना घालायच्या लायकीची. पण एखादी काहीतरी वेगळीच निघेल. हनियापणजीने तर फक्त एकच थुंकली होती.

रौधा


ऐन सिद्रा, १२ नोव्हेंबर १९८८

रौधा,

मी तुला माफ केलेलं नाही. हे पहिल्यांदा वाच, मग पुढचं.

एकच घड धरला. अर्धं झाड पांढरं आणि त्यात तो एक घड, नवरीसारखा. उतरवला. एकटीने खाल्ले असते तर बिया जमवायला मला पुढची ईद उजाडली असती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. तुझे आजोबा असते तर मला घरात घेतलं नसतं. बायका लाजत लाजत आल्या. मी दारात ताटली घेऊन बसले, म्हटलं, खा पोटभर, पण बी या ताटलीत थुंकायची, एकही गिळायची नाही, खिशात टाकायची नाही. बूजेमाची बायको म्हणाली, "सासिया, एवढी वर्षं वासावर ठेवलंस आणि आज थुंकायला बोलावतेस?" पण खाल्ले. मग ती म्हणाली, "हे तू लपवून ठेवलं होतंस?" मी ताटली पुढे केली.

बिया धुतल्या, वाळवल्या, चहाच्या डब्यात घालून नाजीबरोबर पाठवतेय. एक टोपलीही विणून ठेवली होती, छान झाली होती. तुझं पत्र परत वाचलं आणि ती जाळली. चार शिव्या दिल्या तुला.

मग झाडही पाडलं. मुळापासून. जागच्या जागी जाळलं, बाहेर एक काडी जाऊ दिली नाही. काडी मी ओढली. नाजी म्हणाला, आई, मी ओढतो. म्हटलं, हो बाजूला. तू लावलेल्या शेकोटीपेक्षा मोठी होती, तिजानीला सांग.

आता इथून आकाश जास्त दिसतं. मला आवडत नाही.

आत्या


तोझर, २८ मार्च १९८९

लाडकी आत्या,

उगवल्या.

सुरुवातीला खजुरीचं रोप गवताच्या पात्यासारखं असतं, एकच पातं, टोचणारं. कुणी ओळखणार नाही. पहिलं दिसलं तेव्हा मी इतकी ओरडले की आई कणकेच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. आता पूर्ण वाफा भरलाय. काही बिया फुटल्याच नाहीत, त्या मी मोजत नाही.

रोपं थोडी वाढली की मी वाटणार आहे. सगळ्यांना. ज्याच्याकडे कोपरा असेल त्याला. आजोबांनी भिंत घातली म्हणून एका वाऱ्यात अम्बरा संपली. ही एका वाऱ्यात संपणार नाही, एका रोगात पण नाही. हे बाबांना मी तोंडावर सांगितलं. ते चहा पीत होते, पीत राहिले.

पहिला नंबर तिजानीकाकांनी लावलाय. म्हणतात, "तुझ्या आजोबाने मला हाकललं होतं, आता त्याच्या नातीच्या हातून घेतो. पण माझं नर निघालं तर?" म्हटलं, "तर अख्ख्या गावाच्या माद्या तुमच्या दारात येतील काका, तक्रार कसली करता." ते इतके हसले की खोकला लागला.

आता सांगायचं ते हे. गेल्या गुरुवारी आपली पाण्याची पाळी होती. मी रोपवाटिकेतून उशिरा आले. बागेत बघते तर बाबांनी पाटाला हाताने एक नवीन वाट काढलेली, माझ्या वाफ्यापर्यंत. वाफ्याच्या काठाला मातीचा बांध, इतका नीट, की मला जमला नसता. ते लिंबाच्या झाडाखाली बसले होते. मला बघून म्हणाले, "पाणी जास्त होतंय का बघ." आईला नाही, मला म्हणाले.

जास्त होतंय, असं मी सांगितलं. त्यांनी फावडं उचललं आणि बंद केलं.

ज्या खड्ड्यात ते पिल्लू लावणार होते, तो वर्षभर तसाच उघडा होता. त्यात एक रोप लावायचंय. कुणाच्या हाताने, ते तू ठरव.

तुझी,
रौधा


ऐन सिद्रा, १६ एप्रिल १९८९

चि. रौधास,

ईद झाली की येतेय. नाजी आणतो म्हणतो, कागद दाखवून. सीमेवरच्या शिपायाला याही वेळी विश्वास बसणार नाही.

तो खड्डा माझा. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, बशीरनेसुद्धा. येताना चपला बदलून येईन, इथल्या मातीचा कण आणणार नाही, तू माझ्या टाचा घासत बसशील त्याआधीच सांगते.

त्याचं नाव अम्बरा ठेवायचं नाही. अम्बरा होऊन गेली. याला याचं नाव मिळू दे, फळ आल्यावर. आणि फळ आलंच नाही, नर निघालं, तर बशीर ठेव. तोही असाच, वर्षानुवर्षं नुसता उभा.

बूजेमाची बायको म्हणते, दोन रोपं तिच्यासाठी राख. इथे लावता येणार नाहीत हे तिला माहीत आहे. म्हणते, तिकडेच असू देत, माझ्या नावाने. मी हो म्हटलं. तुला विचारलं नाही.

माफ केलेलं नाही. भांडायलाच येतेय. मतबका करून ठेव, भरलेली रोटी, तिखट.

आत्या